क्रोशाचा पहिला पट्टेरी स्कार्फ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रोशाची सुई पहिल्यांदाच हातात घेतलेल्यांसाठी ही उत्तरं आहेत. सगळी एकाच स्कार्फभोवती फिरतात: २४ टाके रुंद, अर्ध्या खांबांचा (हा क्रोशाचा एक टाका, कसा घालायचा ते पुढे येईल), मध्यम जाडीच्या लोकरीचा, रंगीत पट्ट्यांचा. सुई-लोकर घेऊन बसलाच असाल तर थेट साखळीच्या प्रश्नापासून वाचायला लागा.

क्रोशे अजिबात येत नाही. पहिलीच वस्तू म्हणून स्कार्फ झेपेल का?

झेपेल. स्कार्फ म्हणजे एक लांबट आयत. त्यात टाके वाढवणं-घटवणं नाही, बाही नाही, गळा नाही, कुणाच्या मापाला बसवायची कटकट नाही. लांबी १० सेंटिमीटर इकडेतिकडे झाली तरी गळ्याभोवती गुंडाळल्यावर कुणाला कळत नाही. आणि एकच टाका तीनेक हजार वेळा घातला की तो हातात बसतोच. टोपी किंवा बाळाचे मोजे छोटे दिसतात म्हणून लोक त्यांनी सुरुवात करतात, पण गोल विणकाम आणि टाके घटवणं पहिल्याच आठवड्यात अंगावर घेण्यात शहाणपणा नाही.

मग सरळ एका रंगाचा करावा. पट्टे म्हणजे डोक्याला जास्तीचा ताप नाही का?

उलट आहे. नवशिक्याने पट्टेरीच करावा, असं माझं ठाम मत आहे.

माझा पहिला स्कार्फ एकरंगी होता, गडद निळा. २४ टाक्यांनी सुरू केला. हात चालू लागला तसा आनंद झाला, मोजणं सुटलं. वीतभर, हातभर, दोन हात विणून झाल्यावर एके दिवशी तो पसरून बघितला, तर स्कार्फ नव्हता, पताका होती. वरच्या टोकाला १७ टाके. सात टाके कुठे गळाले ते त्या निळ्या रानात शोधून सापडेना. शेवटी जवळजवळ सगळा उसवला.

पट्टा असता तर असं झालंच नसतं. दर दोन किंवा चार ओळींनी रंग बदलायला हात थांबतो. त्या थांब्यावर टाके मोजायचे: २४ भरले तर पुढे, नाही भरले तर फार तर एक पट्टा उसवायचा. शिवाय ओळी मोजायलाही पट्ट्यांचाच आधार. ‘चार ओळींचे अकरा पट्टे’ हे लांबूनही दिसतं, एकरंगी कापडावरच्या ४४ ओळी मात्र बोट ठेवून मोजाव्या लागतात आणि मध्येच कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून.

सामान काय काय लागेल?

५.५ मि.मी.ची सुई, तीन-चार रंगांची एकाच जाडीची लोकर, कात्री, बोथट टोकाची मोठ्या नाकाची लोकरसुई, मोजपट्टी आणि दोन सेफ्टी पिना. खुणेच्या प्लॅस्टिकच्या कड्या मिळतात, पण पिनेने काम भागतं. सुई अॅल्युमिनियमची घ्या. टोक गुळगुळीत असतं आणि धागा सहज सरकतो. बांबूच्या सुईवर धागा किंचित अडतो, ते पुढे काहींना आवडू लागतं.

लोकर कोणत्या जाडीची घ्यावी?

मध्यम. वेष्टनावर बऱ्याचदा लोकरीच्या गुंड्याचं छोटं चित्र आणि त्यावर ० ते ७ पैकी एक आकडा असतो. ० म्हणजे लेससाठीचा बारीक धागा, ७ म्हणजे दोरखंडासारखा जाडा. आपल्याला ४ हवा. तिथेच सुईचा आकारही सुचवलेला असतो. विणायच्या दोन सुयांचं आणि क्रोशाच्या सुईचं असे दोन वेगळे आकडे असतील तर क्रोशाचा बघा.

बारीक धागा स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका. ओळ वाढता वाढत नाही आणि माणूस कंटाळून सोडून देतो.

आणि तीन गोष्टी पहिल्या वेळी टाळाच: काळा रंग, केसाळ लोकर आणि सैल पिळाची लोकर. काळ्यात टाका दिसत नाही. केसाळ लोकरीत टाका दिसत नाही आणि उसवताही येत नाही. सैल पिळाच्या लोकरीत सुईचं टोक धाग्याच्या पदरांमध्येच घुसतं.

अॅक्रिलिक, सुती की खरी लोकर?

शिकायला अॅक्रिलिक. धुवायला सोपं, रंग भरपूर, कितीही वेळा उसवलं तरी फारसं कुरकुरत नाही. सुती धाग्याला ताण नसतो, त्यामुळे नव्या हाताला तो कडक लागतो आणि लांब स्कार्फ स्वतःच्या वजनाने लोंबतो. खरी लोकर उबदार आणि लवचीक, विणायला सगळ्यांत सुखाची, पण धुताना जपावं लागतं.

एक पथ्य मात्र पाळा. एका स्कार्फात तिन्हींची खिचडी करू नका. लोकरीचा पट्टा गरम पाण्यात आटला आणि शेजारचा अॅक्रिलिकचा तसाच राहिला तर कापडाला कायमच्या चुण्या पडतात.

एकूण किती लोकर लागेल?

साधारण १८ सेंटिमीटर रुंद आणि १६० सेंटिमीटर लांब स्कार्फाला मध्यम लोकर २०० ग्रॅमच्या आसपास लागते, गोंडे वेगळे. तीन रंग समप्रमाणात असतील तर प्रत्येकी १०० ग्रॅमचा एक गुंडा घेतला की चिंता नाही.

घरात उरलेल्या लोकरीचा करायचा असेल तर वजनकाटा काढा. एक गुंडा तोला, त्याच्या १० ओळी विणा, पुन्हा तोला. समजा १३ ग्रॅम कमी झाले. म्हणजे ओळीला १.३ ग्रॅम. आता ३० ग्रॅमच्या उरलेल्या गुंड्यातून २२-२३ ओळी निघतील, हे तुम्हाला पट्टा सुरू करण्याआधीच कळलं. पट्टा अर्ध्यात असताना धागा संपण्यासारखी चिडचिड दुसरी नाही.

एकाच रंगाचे दोन गुंडे घेत असाल तर वेष्टनावरचा रंगाच्या घाण्याचा क्रमांक, म्हणजे डाय लॉट, जुळवून घ्या. नाव तेच असलं तरी वेगळ्या घाण्यात छटा किंचित बदलते, आणि तो किंचितपणा शेजारी शेजारी विणल्यावर डोळ्यात येतो.

रंग कसे जुळवायचे? मला रंगांतलं काही कळत नाही.

गुंडे शेजारी शेजारी ठेवा, फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. सगळे गुंडे एकसारखे करडे दिसले तर पट्टे उठून दिसणार नाहीत, मग रंग कितीही वेगळे असोत. लाल आणि हिरवा प्रत्यक्षात एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण दोन्ही सारखेच गडद असतील तर कृष्णधवल फोटोत जुळी भावंडं होतात. एक फिका, एक मध्यम, एक गडद असं त्रिकूट सहसा दगा देत नाही.

फारच भडक रंग आवडत असतील तर प्रत्येक दोन रंगांमध्ये साय किंवा राखाडीचा दोन ओळींचा पट्टा घाला. बाकीचे रंग त्याच्या जिवावर खुशाल भांडू देत.

पट्ट्यांची रुंदीही सारखी असायला हवी असं नाही. १, १, २, ३, ५, ८ या मालिकेत प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज असतो. त्याची दुप्पट घेतली की २, २, ४, ६, १०, १६ ओळी मिळतात. सगळे आकडे सम, त्यामुळे धागा नेहमी एकाच कडेला राहतो (हे का महत्त्वाचं ते पुढे येईल) आणि पट्टे बघायला अजिबात साचेबद्ध वाटत नाहीत.

सुरुवातीला साखळ्या किती घालायच्या?

२५. एक सरकगाठ मारून ती सुईवर घ्या. मग सुईला धाग्याचा वेढा द्या आणि तो गाठीच्या फासातून ओढून काढा, झाली एक साखळी. अशा २५. सुईवर जो फास बसलेला आहे तो मोजायचा नाही, अगदी पहिली सरकगाठही मोजायची नाही. मोजताना साखळीचा वेणीसारखा चेहरा आपल्याकडे असू द्या, मागचे उंचवटे वर आले की आकडा चुकतो.

पहिला अर्धा खांब सुईपासून दुसऱ्या साखळीत. अशा रीतीने ओळीच्या शेवटी २४ अर्धे खांब होतात.

माझी साखळीची कड आवळलेली आणि वरचं कापड पसरलेलं, असं का होतं?

साखळी घट्ट पडते, म्हणून. नव्या हाताचं हे ठरलेलं दुखणं आहे, भीतीने धागा जरा जास्तच ओढला जातो. उपाय सोपा: साखळी ६ किंवा ६.५ मि.मी.च्या सुईने घाला आणि पहिल्या ओळीला ५.५ ची घ्या. दुसरी सुई नसेल तर प्रत्येक साखळी सुईच्या निमुळत्या मानेवर न आवळता तिच्या जाड दांड्यावर आणून सोडा. साखळीची जाडी दांड्यावरच ठरते, मानेवर नाही.

अर्धा खांब नेमका कसा घालायचा?

सुईवर एक फास आहेच. टाक्यात सुई घालण्याआधी तिला धाग्याचा एक वेढा द्या. आता सुई टाक्यात घाला, पलीकडचा धागा सुईच्या नाकात पकडा आणि अलीकडे ओढून आणा. सुईवर तीन फास झाले. हा ओढलेला फास जरा उंच असू द्या, शेजारच्या दोघांइतका. पुन्हा एक वेढा, आणि तो तिन्ही फासांतून एका दमात ओढून काढा. सुईवर पुन्हा एकच फास. हा अर्धा खांब.

तीन फासांतून ओढताना सुई अडते, सगळ्यांची अडते. सुईचं नाक खाली, जमिनीकडे वळवा आणि टाक्यांचा तळ डाव्या हाताच्या बोटांनी हलकेच खाली धरा. सरकून येईल.

साखळीवरची पहिली ओळ सोडली तर पुढे प्रत्येक वेळी सुई टाक्याच्या डोक्यावरच्या दोन्ही धाग्यांखालून घालायची. वरून बघितलं की हे दोन धागे एखाद्या बारीक पाकळीसारखे दिसतात. अर्ध्या खांबाला पाठीमागे एक तिसरा आडवा धागाही असतो आणि तो नवशिक्याला हमखास फसवतो. शंका आली तर काम समोरून न बघता वरून बघा.

मुका खांब हा टाका याहून सोपा आहे, हे खरं. पण तो बुटका, कापड दाट आणि ताठ होतं, स्कार्फ गळ्याशी पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. पूर्ण खांब उंच आणि लवकर वाढणारा, पण मधे फटी राहतात. अर्धा खांब दोघांच्या मधला, आणि स्कार्फाला तोच शोभतो.

इंग्रजी कृतीत ‘डबल क्रोशे’ लिहिलंय. तो खांब की मुका खांब?

कृती कुठली आहे त्यावर ठरतं. अमेरिकन पद्धतीत सिंगल क्रोशे म्हणजे मुका खांब, हाफ डबल म्हणजे अर्धा खांब, डबल म्हणजे खांब. ब्रिटिश पद्धतीत तोच मुका खांब डबल क्रोशे होतो, अर्धा खांब हाफ ट्रेबल आणि खांब ट्रेबल. कृतीत कुठेही ‘सिंगल क्रोशे’ आलं की ती अमेरिकन समजा, कारण ब्रिटिश नावांत सिंगल हा टाकाच सहसा नसतो.

कडा वाकड्यातिकड्या येतात. कधी टाके वाढतात, कधी कमी होतात.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर नेहमी कडेच्या दोन टाक्यांत सापडतं. मधल्या २२ टाक्यांत फारसं कुणी चुकत नाही.

आपल्या स्कार्फात प्रत्येक ओळ संपली की एक साखळी घालायची, काम वळवायचं आणि पहिला अर्धा खांब अगदी पहिल्याच टाक्यात घालायचा. ही वळणाची साखळी टाका म्हणून मोजायची नाही. काही कृतींत दोन साखळ्या घालून त्यांना पहिला टाका धरतात. तशीही रीत आहे, पण मग ओळीच्या शेवटी त्या दोन साखळ्यांच्या डोक्यात टाका घालायचं लक्षात ठेवावं लागतं. तिथेच टाके गळतात. माझे सात टाके तिथेच गळाले होते.

ओळीच्या शेवटचा टाका जरा तिरका होऊन लपतो. म्हणून पिना. ओळीतला पहिला अर्धा खांब घातला की त्याच्या डोक्यात लगेच पीन अडकवा, शेवटचा घातला की त्याच्याही. परत येताना पीन दिसली म्हणजे तिथे टाका घालायचा आहे. पीन काढा, टाका घाला, नव्या टाक्यात पीन लावा. आठ-दहा ओळींनंतर डोळ्यांना कड ओळखू येते, मग पिना सोडून द्या.

टाके वाढत असतील तर बहुधा तुम्ही वळणाच्या साखळीतही एक अर्धा खांब घालताय. ती दिसते टाक्यासारखीच, बिचारीचा दोष नाही.

रंग बदलताना दोन पट्ट्यांच्या मधे डाग दिसतो.

कारण रंग एक पाऊल उशिरा बदलला जातोय. नवा रंग नव्या ओळीत सुरू करायचा नसतो, जुन्या ओळीच्या शेवटच्या टाक्याच्या शेवटच्या वेढ्यात करायचा असतो.

समजा पिवळा पट्टा संपतोय आणि जांभळा सुरू होणार आहे. ओळीचा चोविसावा अर्धा खांब पिवळ्याने सुरू करा: वेढा, सुई टाक्यात, धागा ओढून आणा. सुईवर तीन पिवळे फास. इथे थांबा. पिवळा धागा मागे सोडा. जांभळ्या धाग्याचं टोक हातभर नाही, पण १५ सेंटिमीटर तरी मोकळं ठेवून तो सुईच्या नाकात अडकवा आणि तिन्ही पिवळ्या फासांतून ओढून काढा. आता सुईवरचा फास जांभळा आहे. जांभळ्याने एक साखळी, वळवा, पुढे चला.

क्रोशामध्ये सुईवरचा फास हा मागच्या टाक्याचं झाकण नसून पुढच्या टाक्याचं डोकं असतो, हे एकदा बोटांना कळलं की या रीतीचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. पहिल्या दोन-तीन ओळींत तो जांभळा फास ढिला पडतो. दोन्ही टोकं हलकेच ओढून बसवा. गाठ मारू नका.

प्रत्येक रंगाला धागा कापायचा का?

नाही, पट्टा सम ओळींचा असेल तर. दोन किंवा चार ओळी विणल्या की तुम्ही जिथून निघालात त्याच कडेला परत येता आणि जुना धागा तिथेच वाट बघत असतो. त्याला कडेने वर आणायचं. आणताना ओढू नका: आवळला तर ती कड आखूड होते आणि स्कार्फ केळ्यासारखा वाकतो. चार ओळींपर्यंत हे चालतं. त्याहून रुंद पट्टा असेल तर लटकणारा धागा कुठेही अडकतो, मग कापलेला बरा.

एकेका ओळीचे पट्टे हवे असतील तर? तेव्हा तर धागा पलीकडच्या कडेला राहतो.

तीन रंग घ्या. पहिली ओळ पिवळी, ती डाव्या कडेला संपली. दुसरी जांभळी, डावीकडून निघून उजव्या कडेला संपली. तिसरी पांढरी, पुन्हा डाव्या कडेला. आता चौथी ओळ पिवळी हवी, आणि पिवळा धागा आहे कुठे? डाव्या कडेलाच. पाचवी जांभळी, ती उजवीकडे सापडते. तीनच्या जागी पाच रंग घेतले तरी जमतं. दोन किंवा चार घेतले तर मात्र धागा दरवेळी नेमका समोरच्या कडेला असतो.

पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी कागदावर बाण काढून खात्री करून घेतली होती. तुम्हीही घ्या.

दोन-तीन गुंडे एकमेकांत गुंततात.

काम दरवेळी एकाच दिशेने वळवता म्हणून. एकदा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळवा, पुढच्या ओळीला उलट. धाग्यांना पडलेला पीळ आपोआप सुटतो. आणि गुंडे मांडीवर नकोत, वेगवेगळ्या वाडग्यांत ठेवा.

एका बाजूने पट्ट्याची रेघ सरळ, दुसऱ्या बाजूने दातेरी. काय चुकलं?

काही नाही. नव्या रंगाचा टाका जुन्या ओळीत रुततो, त्याची एका बाजूला स्वच्छ रेघ आणि दुसऱ्या बाजूला दाते दिसतात. सम ओळींच्या पट्ट्यांत सगळे दाते एकाच बाजूला जातात, ती स्कार्फाची उलटी बाजू. विषम ओळींत दोन्ही बाजूंना वाटले जातात.

लोंबणारी टोकं संपवायची कशी?

पट्टेरी स्कार्फाचं खरं काम हे, आणि सगळे ते शेवटावर ढकलतात. चाळीस टोकं एकदम समोर आली की तयार स्कार्फ महिनाभर पिशवीत पडून राहतो.

दर पट्ट्याला टोक तिथल्या तिथे गुंतवा. नव्या रंगाची पहिली ओळ विणताना मोकळं टोक टाक्यांच्या डोक्यावर आडवं ठेवा आणि त्याच्यावरूनच सात-आठ अर्धे खांब घाला. टोक टाक्यांच्या पोटात बंद होतं. अॅक्रिलिक निसरडं असल्याने एवढ्यावर भागत नाही. उरलेलं टोक लोकरसुईत ओवून त्याच रंगाच्या पट्ट्यात एकदा उलट दिशेने परत आणा, मग कापा. अगदी कापडाला चिकटून कापू नका, आधी कापड दोन्ही हातांनी थोडं ताणा म्हणजे टोक आत सरकेल, मग कापा.

गाठ मारून कापलं तर नाही चालणार का? चालतं, काही दिवस. पण गाठ कापडात टोचते आणि एखाद्या धुण्यात सुटते, तेव्हा धरायला टोक उरलेलं नसतं.

पाच ओळी मागे चूक दिसली. उसवू की राहू दे?

टाक्यांची संख्या चुकली असेल तर उसवा. एखादा टाका ओबडधोबड असेल तर राहू द्या.

उसवायची भीती मात्र बाळगू नका. दोन सुयांच्या विणकामात प्रत्येक टाका सुईवर जिवंत असतो, एक निसटला की खालपर्यंत शिडी पडते. क्रोशात सुईवर एकच फास असतो. सुई काढा, धागा ओढा, हवं तिथे थांबा, फासात सुई घाला. एवढंच. काम थांबवतानाही त्या एका फासात पीन अडकवून ठेवली की मांजराने ओढलं तरी काही बिघडत नाही.

मी डावखुरा आहे.

सगळं आरशातल्यासारखं. सुई डाव्या हातात, ओळ डावीकडून उजवीकडे. टाका, मोजणी, रंगबदल यांत काडीचाही फरक नाही, फक्त वर जिथे ‘डावी कड’ लिहिलंय तिथे उजवी वाचा. व्हिडिओ बघून शिकत असाल तर फोनवर तो आडवा उलटवता येतो.

सुई धरायची कशी? अर्ध्या तासात मनगट दुखतं.

पेनासारखी किंवा सुरीसारखी, दोन्ही बरोबर. दुखत असेल तर दुसरी धरून बघा. बहुतेकदा दोष धरण्यात नसतो, सुई गच्च आवळण्यात असतो. चार ओळींनी रंग बदलायला थांबाल तेव्हा टाके मोजा आणि बोटंही सोडवून घ्या.

किती दिवस लागतील?

१६० सेंटिमीटरला साधारण १४४ ओळी, म्हणजे ३,४५६ टाके. ओळीला चार मिनिटं धरली तर साडेनऊ तासांच्या वर. सुरुवातीला ओळीला दहा मिनिटंही लागतात, त्यामुळे पहिल्या स्कार्फाला पंधरा तास धरून चला. रोज चार ओळींचा एक पट्टा केला तर ३६ दिवस.

हे ऐकून दमला असाल तर एक किस्सा. राणी व्हिक्टोरियाने अगदी उतारवयात, १९०० साली, दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात लढणाऱ्या सैनिकांसाठी आठ स्कार्फ स्वतः क्रोशाने विणले होते. आठ! आपल्याला एकच करायचाय.

पट्टे उभे, स्कार्फाच्या लांबीभर हवे असतील तर?

मग आडव्याऐवजी लांब ओळ विणा. १६० सेंटिमीटरला साधारण २०८ टाके, म्हणजे २०९ साखळ्या, आणि वर फक्त सोळाएक ओळी. फायदा मोठा आहे: सगळी टोकं स्कार्फाच्या दोन आखूड बाजूंना येतात. प्रत्येक ओळीला नवा रंग घ्या, सुरुवातीला आणि शेवटाला २० सेंटिमीटर धागा सोडा, आणि तीच टोकं झालरीत मिसळून टाका. गुंतवायचं कामच उरत नाही.

तोटा म्हणजे ती २०९ साखळ्यांची मोजणी. दर २० साखळ्यांना पीन लावा आणि दहाएक साखळ्या जास्तीच्या घाला. कमी पडल्या तर पंचाईत, पण जास्त झालेल्या साखळ्या सरकगाठीच्या टोकाकडून नंतर सोडवता येतात. तरीही पहिला स्कार्फ आडव्या पट्ट्यांचा करा, उभा दुसऱ्या खेपेला. २०८ टाक्यांच्या ओळीत थांबून मोजायची जागा फार उशिरा येते.

झालर कशी लावायची?

१५ सेंटिमीटर रुंदीच्या पुठ्ठ्याला लोकर गुंडाळा आणि एका कडेने कापा, ३० सेंटिमीटरचे सारखे धागे मिळतात. तीन-चार धागे एकत्र घेऊन मधोमध दुमडा. स्कार्फाच्या कडेतल्या टाक्यातून सुई मागून पुढे काढा, दुमडीचा फास ओढून आणा, धाग्यांची टोकं त्या फासातून घाला आणि आवळा. दर दोन टाक्यांनी एक. शेवटी पट्टीने मापून कात्रीने सरळ करा.

झालरीची लोकर स्कार्फ सुरू करण्याआधीच कापून बाजूला ठेवा. शेवटी ती कधीच पुरत नाही.

धुणं आणि इस्त्री?

पहिल्यांदा धुण्याआधी सर्वांत गडद पट्ट्यावर ओला पांढरा रुमाल दाबून बघा. रंग लागला तर थंड पाण्यात, एकटाच धुवा. खरी लोकर कोमट पाण्यात न चोळता, कारण उष्णता आणि घासणं एकत्र आलं की तिचे तंतू एकमेकांत घट्ट रुततात आणि स्कार्फाचा नमदा होतो. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. वाळत घालताना दोरीवर टांगू नका, आडवा पसरा आणि कडा हाताने सरळ करा. ओला असताना सरळ केलेली कड वाळल्यावरही बरीचशी सरळ राहते, त्यामुळे विणताना राहिलेल्या बारीकसारीक वाकड्या जागा इथे झाकता येतात.

अॅक्रिलिकवर इस्त्री टेकवू नका. तंतू वितळतात, कापड लुळं पडतं आणि ते पूर्ववत होत नाही. वाफ द्यायचीच असेल तर दोन-तीन सेंटिमीटर वरून.

उरलेल्या लोकरीचं काय करायचं?

दहा ग्रॅमच्या वरचे गुंडे जाडीनुसार वेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि प्रत्येकात वेष्टनाचा तुकडा टाका. दहा ग्रॅमच्या आतले पुढच्या स्कार्फात दोन-दोन ओळींचे पट्टे म्हणून खपतात. एका ओळीला १.३ ग्रॅम, हिशेब तुम्हाला माहीत आहेच.